कमी आणि दुर्मिळ : भोर-वेल्हे प्रांतीचा एक अल्पप्रबंध

भोर संस्थानाने १८७९ साली टपालाची दोन तिकिटे काढली. एक अर्ध्या आण्याचे, दुसरे एका आण्याचे. दोन्ही किरमिजी, दोन्ही हातशिक्क्याने उमटवलेली. पुढे १९०१ साली पंतसचिव शंकरराव यांच्या चेहऱ्याचे तिसरे तिकीट निघाले, तेही अर्ध्याच आण्याचे. संस्थान गेले, आणा गेला, शिक्का मारणाराही गेला. तरी १८७९ चे कोरे तिकीट आज बऱ्यापैकी हॉटेलात दोघे पोटभर जेवले तर जे बिल होईल, साधारण तेवढ्यात मिळते. उलट स्वारगेटहून भोरला जाताना कंडक्टर टर्रकन फाडून हातावर ठेवायचा ते कागदी तिकीट घ्या. लाखांनी छापले, लाखांनी गटारात गेले, आणि आज मागायला जावे तर दहा घरे पालथी घालूनही हाती लागत नाही. दीडशे वर्षांपूर्वीचे संस्थानी तिकीट मिळते आणि परवापरवाचे एसटीचे मिळत नाही, हे असे का, या प्रश्नाकडे विद्वानांनी आजवर लक्ष दिलेले नाही. त्यांना याहून महत्त्वाची कामे होती. प्रस्तुत लेखकाला ती अडचण नाही.

अभ्यासासाठी भोर आणि वेल्हे हे दोन तालुके निवडले, कारण इथे बहुतेक गोष्टी मुळातच थोडक्यात आहेत. सपाट जमीन थोडी, रुंद रस्ते थोडे, माणसे तर फारच थोडी. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्हा ९४ लाखांच्या वर होता. त्यात वेल्हे तालुक्याचा वाटा सुमारे ५४ हजार, म्हणजे शेकड्याला एक माणूसही पुरता येत नाही. मुबलक आहे ते पाणी. भाटघर, नीरा देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी अशी धरणांची माळ इथे आहे. पण तेही बहुतांशी खालच्या लोकांसाठी अडवलेले असल्यामुळे हिशेबात धरलेले नाही.

आधी शास्त्राधार पाहू. डेबोरा रॅबिनोविट्झ या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ साली दुर्मिळतेची एक मांडणी केली, आणि ती इतकी सरळ आहे की आपल्याकडे ती कोणाला सुचू नये याचेच आश्चर्य वाटते. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. ही जात पसरली आहे ती मोठ्या मुलखात की छोट्या? जागेच्या बाबतीत चोखंदळ आहे की कुठेही चालते? आणि जिथे आहे तिथे पुष्कळ आहे की मोजकी? तीन प्रश्नांना दोन-दोन उत्तरे, म्हणजे आठ खण झाले. त्यांपैकी एकाच खणात सामान्य जात बसते : मोठा मुलूख, कुठेही चालेल, आणि भरपूर. उरलेले सात खण दुर्मिळांचे. सामान्य होण्याची वाट एकच आणि दुर्मिळ होण्याच्या सात, हे वाचून अनेक होतकरू कवींना धीर येईल.

ही मांडणी आपल्या प्रांताला लावून पाहता फार सोयीची ठरते. कावळा सामान्य खणात बसतो, त्यावर चर्चा नको. कारवी डोंगरउताराबाहेर सहसा जात नाही, पण तिथे मात्र रान माजवते. पोर्तुगीज घंटा हा निराळा खण. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रभर देवळांत टांगल्या गेल्या : नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला, आणि आपल्याकडे नसरापूरच्या बनेश्वराला. बनेश्वराचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधले; घंटेवर साल आहे १६८३. म्हणजे घंटा देवळापेक्षा सहासष्ट वर्षांनी मोठी, आणि नोकरी बदलून आलेली. मुलूख मोठा, जागा ठरलेली, संख्या प्रत्येक ठिकाणी एक. आणि याच खणात, अगदी तंतोतंत, पावसाळ्यातला वायरमनही बसतो : मुलूख अख्खा तालुका, जागा चहाची टपरी, संख्या एक.

इथवर शास्त्र उत्तम चालते. पण तिकिटांचा प्रश्न त्याने सुटत नाही, कारण बाईंनी चौथा प्रश्न विचारलेलाच नाही : विचारतो कोण?

या चौथ्या प्रश्नाचा मोठा प्रयोग पुण्यातच झाला. दिनकर केळकर अडकित्ते, दिवे, वज्री, दौती, दाराच्या चौकटी असले सामान शोधत गावोगाव फिरले आणि १९६२ साली त्याचे संग्रहालय झाले. आज तिथे वीसेक हजार वस्तू आहेत. त्या काळातला कुठलाही वाडा डोळ्यांसमोर आणा. पोटमाळ्यावर एक अडकित्ता पडलेला आहे. त्याचा एक डोळा निखळला आहे, पाते बोथट आहे, घरातली सुपारी कधीच दुसऱ्या अडकित्त्याने कातरली जाते. या अडकित्त्यासारखे गावात आणखी दोनच असतील, पण त्याचे कोणाला काय? मग एक पुणेकर गृहस्थ दारात येऊन म्हणतात, ‘काही जुने आहे का?’ अडकित्त्यात त्या क्षणी काहीही बदललेले नाही. तोच गंज, तेच बोथट पाते. तरी आजी तो पदराने पुसते आणि म्हणते, ‘आमच्या सासऱ्यांचा आहे हो, द्यायचा नाही.’

यावरून प्रस्तुत प्रबंधाचे मुख्य प्रमेय निघते. वस्तू कमी होते ती आपली आपण. दुर्मिळ होते ती कोणीतरी विचारत आल्यावर. भोरच्या तिकिटाला विचारणारे पहिल्या दिवसापासून होते. एकोणिसाव्या शतकात लंडन-पॅरिसला तिकिटे जमवणाऱ्यांची हौस अशी वाढली होती की हिंदुस्थानातल्या कुठल्या डोंगरात कोणी शिक्का उमटवला याची खबर त्यांना लागे, आणि ते कोरी तिकिटे घेऊन जपून ठेवत. म्हणून ती टिकली. याचा पुरावा असा की कॅटलॉगात भोरच्या कोऱ्या तिकिटापेक्षा वापरलेल्याची किंमत जास्त असते. म्हणजे पत्राला लावलेले, शिक्का मारून खराब केलेले, ज्याने आपले काम इमानाने केले ते महाग. ज्याने काहीच केले नाही ते स्वस्त. सरकारी नोकरीत हे तत्त्व लागू नाही, हे ओघाने आलेच.

आता चुकांच्या बाजारभावाकडे वळू. हा विषय शिवराईखेरीज समजत नाही.

शिवराई हातात घेऊन भिंगाखाली धरावी. तांब्याची जाडसर चकती, कडा वाकड्यातिकड्या. एका बाजूला तीन ओळी : श्री, राजा, शिव. दुसऱ्या बाजूला दोन : छत्र, पति. भोवती बारीक ठिपक्यांचे वर्तुळ. पण हे सगळे एका नाण्यावर क्वचितच दिसते, कारण ठसा मोठा असे आणि चकती लहान. कारागिराने चकती ठेवून घण मारला की जेवढे मावेल तेवढे उमटायचे. कुठे ‘श्री’ची वेलांटी बाहेर राहिली, कुठे ‘राजा’चा ‘र’ अर्धा, कुठे ठिपक्यांची नुसती एक चंद्रकोर. शिवाय ठसे कोरणारे अनेक, टांकसाळी अनेक, आणि शुद्धलेखनाचे नियम करणारे महामंडळ अजून जन्माला यायचे होते. त्यामुळे कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे ‘शीव’, कुठे ‘सीव’. शाळेत ज्या ऱ्हस्व-दीर्घाला मास्तर गुण कापतात, त्यालाच नाण्यांच्या बाजारात भाव येतो. संग्राहकाला साधी शिवराई दाखवली तर तो मान हलवतो. वेलांटी चुकलेली दाखवली तर खिशातून स्वतःचे भिंग काढतो.

शिवराई शिवकालानंतरही पाडली जात राहिली. पेशवाईत दुदांडी शिवराई आली, आणि कंपनी सरकार आल्यावरही खेड्यापाड्यांत ती चालतच होती. इतकी होती, म्हणून तर कित्येक तांबटाच्या मुशीत गेल्या आणि घागरी झाल्या. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी अजूनही ढिगातून निवडता येते. सोन्याचा शिवराई होन मात्र बोटांवर मोजावा असा. होन पाहायला लोक रांग लावतात. पण संग्राहकांचा खरा संसार तांब्यावर चालतो. कारण होनाची फक्त स्वप्ने पडतात, शिवराईची घासाघीस करता येते.

इथे कायद्याचा मुद्दा नोंदवणे भाग आहे. पावसाळ्यात गडांवर माती वाहून गेली की एखादे नाणे वर येते, आणि सापडलेले आपलेच असे पर्यटकांना वाटते. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. दहा रुपयांची ती मर्यादा म्हणजे त्या काळी बरीच रक्कम होती. आज तेवढ्यात राजगडाच्या पायथ्याला पाण्याची बाटलीसुद्धा येत नाही. तोरण्याची डागडुजी करताना महाराजांना धनाचे हंडे सापडले आणि त्यातून मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला असे सांगतात. त्या प्रकरणी कोणाला कळवल्याची नोंद नाही. अर्थात कायदा सव्वादोनशे वर्षांनंतरचा असल्याने तो मुद्दा इथे गैरलागू धरला आहे.

वस्तूंचे एवढे झाल्यावर वनस्पतींकडे यावे लागते, कारण चौथा प्रश्न त्यांच्या जिवावर बेततो. कंदीलपुष्पाचे उदाहरण बोलके आहे. ही एक नाजूक वेल किंवा बोटभर उंचीचे झुडूप. पावसाळ्यात कड्याकपारीला, गवतात लपून असते आणि बाकीचे दिवस जमिनीखाली कंदात झोपते. सह्याद्रीतल्या तिच्या कित्येक जाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. फूल असते दीड-दोन इंचांचे : खाली फुगीर कुपी, मध्ये अरुंद नळी, आणि वर पाच पाकळ्या टोकांशी एकमेकींना चिकटून झालेला पिंजरा. नळीच्या आतल्या बाजूने केस असतात, सगळ्यांचा रोख खाली. एखादी चिलटाएवढी माशी वासाला भुलून वरच्या झरोक्यातून आत शिरते. खाली उतरायला केसांची आडकाठी नाही, वर यायला आहे. मग तिचा मुक्काम कुपीत. तिथे धडपड करता करता परागांची पुडकी तिच्या तोंडाला चिकटतात. पुढे केस सुकून मऊ पडतात, फूल मान टाकते आणि माशी सुटते. सुटलेली माशी लगेच शेजारच्या कंदीलपुष्पात शिरते. सगळी योजना माशीच्या या विसराळूपणावर उभी आहे, आणि ती आजवर फसलेली नाही.

गुराख्यांची पोरे हा कंद उकरून खायची. पाणीदार, बऱ्या चवीचा. तेव्हा ही वेल नुसती कमी होती. मग तिला विचारणारे आले. आधी वनस्पतिशास्त्रज्ञ आले, त्यांच्या मागोमाग कॅमेरेवाले आणि त्यांच्या मागोमाग रोपवाटिकेवाले. जीवशास्त्रज्ञ फ्रॅंक कूरशॉं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवून दिले की जातीची संख्या घटली की तिची किंमत चढते, किंमत चढली की ती मिळवण्यासाठी लोक आणखी लांब जातात, आणि शेवटची वेल सर्वांत महाग पडते. गुराख्याने एवढी लांबची वाट कधी केली नसती. म्हणून आता जाणकार मंडळी कंदीलपुष्पाचा फोटो दाखवतात तेव्हा खाली ठिकाण लिहितात : ‘पश्चिम घाट’. पश्चिम घाट सोळाशे किलोमीटर लांब आहे. प्रस्तुत लेखकाने एका अभ्यासकाला आणखी थोडे नेमके सांगा अशी विनंती केली, तेव्हा त्यांनी विचार करून सांगितले, ‘उत्तर भाग.’ हा चिंगूसपणा नव्हे. या शास्त्रात गप्प बसणे हेच संवर्धन आहे.

याच्या अगदी उलट स्वभाव कारवीचा. तिला लपवायचे म्हटले तरी लपवता येणार नाही. डोंगरच्या डोंगर तिने भरलेले असतात. सहा वर्षे ती कुडाच्या भिंतीला आणि सरपणाला उपयोगी पडते, आणि पर्यटकाच्या पँटला अडकते. सातव्या वर्षी अख्खा डोंगर एकदम जांभळा-निळा होतो, मधमाश्यांना फुरसत राहत नाही, आणि कारवीच्या मधाची बाटली घरोघर जपून ठेवली जाते. मग झाड वाळते. पुढच्या पावसाच्या ओलीने सुक्या बोंडांचे तडतड फुटणे सुरू होते आणि बी उडते. एवढे बी एकाच हंगामात पडते की खाणाऱ्यांनी पोट फुटेस्तोवर खाल्ले तरी उरते, असा यामागचा हिशेब सांगतात. म्हणजे कारवी कमी कधीच नसते. ती फक्त तारखेपुरती दुर्मिळ होते. पुण्याहून फोन येतो, ‘यंदा कारवी आहे का?’ त्याला गावातला माणूस उत्तर देतो, ‘आमच्या डोंगराला नाही.’ हे उत्तर शास्त्रशुद्ध आहे, कारण एका डोंगराचे वर्ष दुसऱ्याला लागू नसते. फोन करणाऱ्याला मात्र ते टाळाटाळीचे वाटते.

तारखेपुरत्या दुर्मिळतेत देवही मोडतात. भाटघर धरण १९२७ साली झाले. त्याच्या पाण्यात वेळवंडीच्या काठचे कांबरे गावचे कांबरेश्वराचे देऊळ गेले. वर्षातले दहा-अकरा महिने देव पाण्याखाली असतो. उन्हाळ्याच्या शेवटी धरण आटले की शिखर, मग भिंती, मग गाभारा असा तो वर येतो, आणि लोक दर्शनाला धावतात. इथे पाण्याचा साठा आणि दर्शनाचे दिवस यांचे प्रमाण व्यस्त आहे. दुष्काळी वर्षी देव जास्त दिवस भेटतो. तेव्हा त्याच्याकडे पाऊस मागताना भक्तांच्या मनात काय कालवाकालव होत असेल, याचा अभ्यास एखाद्या तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने करावा. रायरेश्वराच्या पठारावरची सात रंगांची माती हा मात्र त्यामानाने साधा विषय आहे : येणारा प्रत्येकजण चिमूटभर पुडीत बांधून नेतो, आणि पिवळा व पिवळसर हे दोन वेगळे धरले की रंग सात भरतात.

आता माणसांकडे येतो. इथे लेखणी जरा अडखळते.

१९०१ च्या जनगणनेत भोर संस्थानात १,३७,२६८ माणसे होती; क्षेत्रफळ ९२५ चौरस मैल, त्यात कोकणातला सुधागडही आला. दहा वर्षांत लोकसंख्या बारा टक्क्यांनी घटली होती. प्लेग आणि लागोपाठचे दुष्काळ यांनी ती घटवली होती. आज प्लेग नाही, दुष्काळही तसा नाही. आज पुणे आहे. वेल्ह्यातल्या वाडीतून पहाटेच्या गाडीने पोरगा पुण्याला जातो, आधी कामाला, मग खोली घेऊन, मग बायकोमुलांसकट. आणि जत्रेला परत येतो तेव्हा पाहुण्यासारखा ओट्यावर बसतो.

शिकागोचे प्राणिशास्त्रज्ञ डब्ल्यू. सी. ॲली यांनी १९३० च्या दशकात सोनेरी माशांवर एक प्रयोग केला. चांदीचे कण मिसळलेले विषारी पाणी घेतले. त्यात एकटा मासा सोडला तर तो लवकर मरतो. दहा मिळून सोडले तर बराच वेळ तगतात. ॲलींच्या म्हणण्याचे सार असे की संख्या एका मर्यादेखाली गेली की वाढच थांबते, मग खाण्यापिण्याची कितीही चंगळ असो. याची पडताळणी कुठल्याही वाडीत करता येते. कबड्डीला सात लागतात. सहा उरले की सहाजण खेळत नाहीत. कोणीच खेळत नाही, आणि पुढच्या वर्षी त्या सहांतले दोन पुण्याला जातात. भजनाला पखवाज, पेटी, वीणा आणि निदान चार टाळ हवेत. पखवाजवाल्याच्या मुलाने कोथरूडला फ्लॅट घेतला की विठ्ठलाला टाळांवर भागवावे लागते. देवाच्या पालखीला किमान चार खांदे लागतात, आणि ते एकाच उंचीचे असावेत ही अट तर कधीच सोडून दिली आहे.

शाळेचेही तेच. २०१८ साली पानशेतच्या मागच्या डोंगरातल्या एका वाडीची बातमी देशभर गाजली : जिल्हा परिषदेची शाळा, शिक्षक एक, विद्यार्थी एक. शिक्षक रोज कड्याकडेच्या वाटेने दुचाकी हाकत येत. आठ दिवस कॅमेरे आले आणि गेले. पटावर नाव एकच असल्यामुळे तो विद्यार्थी वर्गात पहिलाही होता आणि शेवटचाही. संग्राहकांच्या भाषेत याला एकमेव ज्ञात प्रत म्हणतात आणि तिच्यावर लिलावात बोली लागते. इथे फक्त हळहळ लागली. मुख्य प्रमेय इथे उलट्या बाजूने सिद्ध होते : विचारणारे आले, पण मागणारे नव्हते. म्हणून वाडी दुर्मिळ झाली नाही. ती नुसतीच कमी राहिली.

शनिवार-रविवारची गोष्ट वेगळी. त्या दोन दिवशी राजगडाच्या चोर दरवाज्याशी एवढी गर्दी होते की गडावर सापडणारी सर्वांत दुर्मिळ गोष्ट म्हणजे एकांत. सोमवारी पुन्हा मावळ्यांपेक्षा माकडे जास्त.

एक छोटा मुद्दा आंबेमोहोराचा. मावळ, मुळशी, भोर, वेल्हे हा त्याचा मुलूख. शिजताना आंब्याच्या मोहोराचा वास येतो, आणि उतारा एवढा कमी की शेतकऱ्याने तो लावायचा म्हणजे घरच्या पाहुण्यांसाठीच. म्हणून मग त्याच्यापासून इंद्रायणी काढली, ती १९८७ साली आली आणि तिने खाचरे भरली. तरी पुण्यातल्या कोणत्याही दुकानात आंबेमोहोर मागा, पोत्याने मिळतो. त्यातला बराचसा परप्रांतातून आलेला, दिसायला तसाच दुसरा तांदूळ असतो. यावरून उपप्रमेय असे की ज्याची नक्कल पोत्याने मिळते तोच खरा दुर्मिळ. इंद्रायणीची नक्कल करायला कोणी जात नाही, यात तिचा मोठेपणा आहे.

आता एसटीचे तिकीट. भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी विलीन झाले आणि त्याच वर्षी १ जूनला पुणे ते अहमदनगर अशी एसटीची पहिली गाडी सुटली. पुढची साठेक वर्षे कंडक्टरच्या काखेत तिकिटांचा पत्र्याचा ट्रे होता. प्रत्येक किमतीचा निराळा रंग, गड्ड्या रबराने बांधलेल्या, आणि हातात पंच. तो दांड्यावर टकटक वाजवला की झोपलेला प्रवासी जागा व्हायचा आणि जागा असलेला झोपेचे सोंग घ्यायचा. फाडलेल्या तिकिटाची गुंडाळी करून कानात फिरवणे, घड्याळाच्या पट्ट्यात खोचणे, पोराला होडी करून देणे हे त्याचे ठरलेले उपयोग होते. जपून ठेवणे हा उपयोग कोणाला सुचला नाही, कारण उद्या पुन्हा मिळणारच होते. सामान्य खणात बसलेल्या वस्तूचा शेवट असा अचानक होतो. मशीन आले, ट्रे गेला, आणि मग भाव चौकशी सुरू झाली. मशीनच्या तिकिटाची जात तर त्याहून पुढची : त्यावरची शाई काही महिन्यांत उडते आणि हातात कोरा कागद राहतो. ज्याने ते जपले त्याच्याकडे आणि ज्याने फेकले त्याच्याकडे शेवटी सारखाच संग्रह असतो. दुर्मिळतेच्या शास्त्रात ही अवस्था नवीनच आहे, तिला अद्याप नाव नाही.

होतकरू संग्राहकांनी मात्र निराश होऊ नये. एका नव्या दुर्मिळाची पैदास आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करायला मंजुरी दिली. नाव योग्यच आहे; एवढा गड असताना ते आधी का नव्हते असे कोणी विचारले तर उत्तर नाही. पण एका बैठकीत केवढी मोठी घटना घडली पाहा. ज्या कागदावर ‘ता. वेल्हे’ आहे त्या सगळ्या कागदांची आवृत्ती संपली. जुने सातबारे, शाळा सोडल्याचे दाखले, रेशनकार्डे, सोसायटीच्या पावत्या, लाकडी मुठीचे रबरी शिक्के यांत यापुढे भर पडायची नाही, घटच होत जाणार. भोरच्या टपालाला जे व्हायला एक राज्य जावे लागले, ते इथे एका ठरावाने झाले.

अभ्यासकाने दोन खाचखळगे लक्षात ठेवावेत. एक, वेल्हे गाव आहे तिथेच आणि त्याच नावाने आहे. तेव्हा नुसत्या ‘वेल्हे’ला किंमत नाही, आधी ‘ता.’ पाहिजे. एसटीच्या पाटीवर कोणी पैसे घालवू नयेत. दुसरे, स्थित्यंतराच्या काळातली प्रत ही नेहमी शुद्ध प्रतीपेक्षा महाग असते. तिकिटांच्या दुनियेत राज्य बदलले की जुन्या तिकिटावरच नवे नाव छापून वेळ मारून नेतात, आणि संग्राहक नेमके तेच मागतात. इकडे सध्या लग्नपत्रिकांवर ‘ता. राजगड (वेल्हे)’ असा कंस दिसतो, आणि काही घरी उलटा, ‘ता. वेल्हे (राजगड)’. म्हणजे दोन प्रकार झाले. कंस किती वर्षे टिकेल हे सांगता येत नाही. वधूवरांच्या पुढच्या पिढीला त्याची गरज वाटणार नाही. तेव्हा अशी पत्रिका आली तर हळदीकुंकवाचे बोट न लागलेली, घडी न मोडलेली निवडून ठेवावी, आणि जमल्यास दोन मागून घ्याव्यात. लग्नाला गेले नाही तरी चालेल.